जुनी हत्यारं, नवे कारागीर – लेखांक ६ : नवं पोलाद, जुन्या खोडी

गेल्या आठवड्यात आपण इटलीतल्या गार्दोने व्हाल त्रोम्पियापर्यंत पोचलो होतो. ब्रेश्शा शहराच्या उत्तरेला मेल्ला नदीच्या खोऱ्यात वसलेल्या या गावात गेली कित्येक शतकं बंदुकीच्या नळ्या घडताहेत. १९५९मध्ये आल्दो उबेर्तीने कारखाना काढला तो इथेच. अमेरिकेत यादवी युद्धाची शताब्दी तोंडावर आली होती. हौशी मंडळींना पणजोबांच्या काळातलं रिव्हॉल्व्हर हवं होतं, पण अस्सल नग परवडत नव्हता, आणि ज्यांच्याकडे होता त्यांना त्यातून बार काढायचा धीर होत नव्हता. पुढे जवळच्याच गुस्सागोत पिएत्ता बंधू या धंद्यात उतरले. आज जगात विकल्या जाणाऱ्या टोपीच्या (दारू पेटवायला तांब्याची टोपी फोडणाऱ्या) रिव्हॉल्व्हरच्या प्रतिकृती बहुतेक या दोन कारखान्यांच्याच.

आता मुद्द्याचं बोलू. या प्रतिकृती भरवशाच्या असतात का? माझं मत सांगून टाकतो: पोलाद मूळ हत्यारापेक्षा चांगलं, जुळणी कधी कधी त्याहून वाईट, आणि उरलेल्या बहुतेक तक्रारी मूळ हत्याराच्याच, इमानेइतबारे नकलून घेतलेल्या.

उदाहरणाला सर्वांत जास्त खपणारं कोल्टचं १८५१चं ‘नेव्ही’ घेऊ. सहा बारांचं, .३६ कॅलिबरचं. सिलिंडरवर टेक्सासच्या आरमाराची १८४३ सालची लढाई कोरलेली, तीही प्रतिकृतीत जशीच्या तशी उतरते. याच्या सांगाड्याला वरून पट्टी नाही. सिलिंडर ज्या मधल्या दांड्यावर फिरतो, त्याच दांड्यावर पुढून नळी बसते आणि एक आडवी पाचर दोघांना धरून ठेवते. सगळा डोलारा त्या पाचरीवर. अस्सल कोल्टमध्ये दांड्याचं टोक नळीखालच्या भोकाच्या तळाला जाऊन टेकायचं, त्यामुळे पाचर कितीही ठोकली तरी नळी ठरल्या जागेच्या मागे सरकत नसे. उबेर्तीच्या बऱ्याच नगांत हा दांडा किंचित आखूड असतो. मग पाचर जरा जोरात बसली की नळी मागे येऊन सिलिंडरला घासते आणि घोडा मागे ओढताना जड जातो. पाचर सैल ठेवावी, तर प्रत्येक बाराला नळी हलते आणि पाचरीच्या खाचा झिजत जातात. पिएत्ताने आपल्या अलीकडच्या नगांत ही चूक सुधारली आहे.

तपासायची रीत सोपी. सिलिंडर काढायचा, नळी आडवी धरून दांड्यावर पार आत सरकवायची आणि मग हळूहळू वळवून पाहायची. नळीचा खालचा भाग सांगाड्याशी नेमका भिडला तर ठीक, त्यावर चढत असेल तर दांडा आखूड. जाणकार लोक भोकाच्या तळाशी मापाची चकती बसवतात आणि विषय संपतो. एवढ्याशा चकतीचं काम कारखान्यात का होत नाही, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

आता वारशाने आलेल्या खोडी. तांब्याची इवलीशी टोपी सिलिंडरच्या मागच्या निपल नावाच्या बारीक नळकांडीवर बसते, घोडा आपटला की फुटते. फुटलेल्या टोपीचा तुकडा घोड्याच्या खाचेतून यंत्रात पडला की सगळं जाम. पूर्वीचे लोक घोडा ओढताना नळी आभाळाकडे करायचे, म्हणजे तुकडा मागच्या मागे गळून पडे. आजही नेमबाज तेच करतात. पहिल्या फटक्याला टोपी फुटत नाही, दुसऱ्याला फुटते, अशीही कुरकुर नव्या मालकांकडून हमखास ऐकू येते. घोड्याच्या बिचाऱ्या कमानीला उगाच शिव्या बसतात. बहुतेक वेळा टोपी आणि निपल यांची मापं जुळत नसतात: पहिला फटका टोपी खाली बसवण्यात खर्च होतो, दुसरा तिला फोडतो. टोपीचं माप किंवा निपल बदललं की रोग बरा.

वारशाची कमाल पाहायची तर १८४७च्या ‘वॉकर’कडे पाहावं. दोन किलोंच्या आसपास वजनाचं हे धूड. मूळ वॉकरचे कित्येक सिलिंडर लष्कराच्या हातात फुटले, कारण त्या काळचं लोखंड आणि सिलिंडरच्या घरांत ठासली जाणारी दारू यांचा मेळ नव्हता. आजच्या पोलादाने ती भीती घालवली. पण नळीखालचा ठासणीचा दांडा धक्क्याने सुटून खाली लोंबायचा, तो आजही लोंबतो. खुद्द कोल्टने पुढच्याच मॉडेलला खटका बसवून हे दुरुस्त केलं होतं. प्रतिकृती मात्र वॉकरची, म्हणून खटका नाही. मालक मंडळी दांड्याला आणि नळीला मिळून चामड्याची वादी बांधतात.

पितळी सांगाड्याबद्दल जरा स्पष्ट बोलायला हवं. दुकानात सोन्यासारखी चमकणारी, किमतीलाही हलकी असलेली ‘नेव्ही’ दिसते. यादवी युद्धात दक्षिणेकडे लोखंडाची टंचाई होती, म्हणून जॉर्जियातल्या ग्रिसवोल्ड आणि गनिसनच्या कारखान्याने पितळी सांगाड्याची रिव्हॉल्व्हरं केली. १८६४च्या नोव्हेंबरात तो कारखाना जाळला गेला. म्हणजे इतिहासाच्या दृष्टीने पितळ खोटं नाही. पण पितळ मऊ. भरपूर दारू ठासून बार काढत राहिलं की सिलिंडर मागच्या भिंतीत आपला ठसा उमटवतो, दांडा सैल होतो आणि एक दिवस नळी-सिलिंडरमधली फट नुसत्या डोळ्यांना दिसू लागते. कमी दारूवर पितळी ‘नेव्ही’ बरीच वर्षं चालते. भिंतीवर लावायला उत्तम. नेमबाजीला घ्यायची तर पोलादीच घ्यावी.

आता निगा. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक, साधारण ७५, १५ आणि १० या प्रमाणात. ती जळाल्यावर निम्म्याहून जास्त भागाचा वायू होत नाही, क्षार होतात; त्यातले काही धुरातून उडून जातात, काही नळीत बसतात. हे क्षार हवेतला ओलावा ओढतात आणि दमट हवेत एका रात्रीत गंज धरतो. म्हणून सफाई त्याच दिवशी, संध्याकाळी. लाकडी मूठ काढून ठेवायची, निपल पान्याने सोडवायचे आणि बाकी सगळं कढत साबणपाण्यात घालायचं. लोखंडाला पाणी लावायला जीव कचरतो, पण क्षार पाण्यातच विरघळतात, तेलात नाही, आणि पाणी कढत असलं की तापलेलं लोखंड स्वतःच सुकतं. मग तेलाचा हलका हात. कोकणात शेतीच्या राखणीसाठी ज्यांच्या घरी ठासणीची बंदूक आहे, त्यांना यात नवीन काहीच वाटणार नाही.

बार काढत असताना मात्र खनिज तेल टाळावं. काळ्या दारूच्या जळक्या गाळात ते मिसळलं की डांबरासारखा चिकटा होतो आणि सिलिंडर अडतो. मेण आणि चरबीचं मिश्रण बरं. कोल्टच्या दांड्यावर वंगण धरून ठेवायला खाचा आहेत. कोल्टचा स्पर्धक असलेल्या रेमिंग्टनच्या पातळ, गुळगुळीत दांड्याला त्या नाहीत, म्हणून वरून पट्टी असलेला सांगाडा जास्त भक्कम असूनही रेमिंग्टनचा सिलिंडर लवकर अडतो. आधुनिक धूररहित दारू यात कधीच घालायची नाही. नळीवरचे गार्दोनेच्या सरकारी चाचणीगृहाचे ठसे पाहा: ‘पी एन’ म्हणजे काळ्या दारूवर तपासलेली, आणि चौकटीतली दोन अक्षरं चाचणीचं साल सांगतात.

एवढं सांभाळलं तर या प्रतिकृती उत्तम चालतात. ठासणीच्या हत्यारांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये अस्सल आणि प्रतिकृती असे वेगळे गट असतात. २५ मीटरवर अर्ध्या तासात १३ बार, त्यातले सर्वोत्तम १० धरायचे. बाराबाराला अडणारं हत्यार घेऊन तिथे कुणी उभं राहत नाही.

पुढच्या आठवड्यात काडतुसाच्या १८७३च्या कोल्टकडे वळू. तोवर एक व्यवहाराची गोष्ट. अमेरिकेच्या १९६८च्या संघीय कायद्यात टोपीची प्रतिकृती पुराणवस्तूत मोडते, राज्याराज्यांचे नियम मात्र वेगळे. आपल्याकडे बार काढू शकणारी प्रतिकृती म्हणजे सरळ बंदूक, परवान्याशिवाय ती बाळगता येत नाही. तेव्हा तिकडच्या एखाद्या भाच्याने ‘शोभेचीच तर आहे मामा’ म्हणत ती सामानात घालून आणायचा बेत केला, तर त्याला विमानात बसण्याआधीच थांबवा.