जुन्या संकटसूचक यंत्राचे ग्राहकात रूपांतर

दुसऱ्या महायुद्धात समुद्रात उतरावे लागलेल्या अमेरिकन वैमानिकांच्या होडीत एक पिवळी पेटी असे. तिचे नाव एस. सी. आर. ५७८. मांड्यांत घट्ट धरता यावी म्हणून ती मध्यभागी निमुळती केलेली होती. त्यामुळे चित्रकार चार्ल्स डेना गिब्सन याने रेखाटलेल्या सिंहकटी तरुणींवरून तिला ‘गिब्सन गर्ल’ हे टोपणनाव पडले. दांडा फिरविला की आतील जनित्र वीज देई आणि पतंगाने अगर फुग्याने उंच नेलेल्या तारेतून ५०० किलोहर्ट्‌झवर ‘एस. ओ. एस.’ ही हाक आपोआप जाई. जहाजांवरील बिनतारी कर्मचारी दर तासास दोनदा, तीन-तीन मिनिटे, स्वतः मौन पाळून त्या लहरीवर कान देत. १ फेब्रुवारी १९९९ रोजी नवी जागतिक पद्धती पूर्णपणे अमलात आली आणि तो पहारा संपला.

अशी पेटी आज हाती आल्यास दांडा फिरवून पाहण्याचा मोह आवरावा. एक तर आतील विजेचा दाब तीनशे व्होल्टच्या घरात जातो. दुसरे असे की, जवळच ५१८ किलोहर्ट्‌झवर जहाजांना वादळाचे इशारे नॅव्हटेक्स पद्धतीने दिले जातात. त्यांत आपला गोंगाट मिसळता कामा नये. म्हणून जनित्राच्या व संकेत पाठविणाऱ्या चक्राच्या तारा प्रथम सोडवाव्या. गळके झालेले जुने कागदी कंडेन्सर बदलावे. पेटीला मात्र नवी भोके पाडू नयेत. तो अडाणीपणा होय.

लहरी निर्माण करणारा व्हॉल्व्हच, कमी दाबावर व बेताच्या पुनर्भरणाने चालविल्यास, लहरी टिपू शकतो. त्याचे स्वतःचे क्षीण आंदोलन आणि आलेली लहर यांच्या वारंवारतांतील फरक सूर होऊन कानी पडतो. परंतु येथेच खरी मेख आहे. आंदोलन करणारा ग्राहक एरियलला थेट जोडला, तर तोही एक लहानसा प्रक्षेपकच ठरतो! १९२० नंतरच्या दशकात अशाच संचांच्या शिट्ट्यांनी शेजारी हैराण होत. यास्तव एरियल व तो व्हॉल्व्ह यांच्यामध्ये वेगळ्या फळीवर एक विवर्धक बसवावा. त्याने लहर आत येऊ द्यावी, बाहेर जवळजवळ जाऊ देऊ नये.

किनाऱ्यालगत, ठरलेल्या वेळी, मग दोन सुरांची जलद किलबिल ऐकू येते. त्या सुरांत १७० हर्ट्‌झचे अंतर असते. कानाला त्यातून अक्षरे उमगत नाहीत. त्यासाठी संगणकाचे साह्य घ्यावे लागते.