नाल्याची रुंदी आणि नगराचे आरोग्य

हैदराबादच्या उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात चिंचेचा एक जुना वृक्ष उभा आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला, तेव्हा सुमारे १५० माणसांनी त्याच्या फांद्यांचा आश्रय घेऊन प्राण वाचवले. त्या पुरात हजारो माणसे दगावली. अफजलगंजचे तत्कालीन रुग्णालयही उद्ध्वस्त झाले.

पुढील वर्षी निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. पुण्यात शिकलेले, खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांनी नावाजलेले हे अभियंते निदानातही निष्णात होते. मुसीच्या पाणलोटातील ७८८ तलावांपैकी २२१ तलाव फुटल्याचे त्यांनी नोंदवले आणि पाणी शहराच्या वरच्या अंगाला अडवण्याचा उपाय सुचवला. त्यातून उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) हे जलाशय उभे राहिले.

आजचे दुखणे मात्र निराळे आहे. आता नदीच्या आधी नालेच तुंबतात. २४ ऑगस्ट २००० रोजी शहरात सुमारे २४ सेंटीमीटर पाऊस कोसळला. त्यानंतर किर्लोस्कर कन्सल्टंट्सने २००३ मध्ये नाल्यांच्या रुंदीकरणाचा अहवाल दिला. ऑक्टोबर २०२० मध्ये वस्त्या पुन्हा पाण्याखाली गेल्या, तेव्हा त्यातील बहुतांश काम व्हायचेच होते. अखेर २०२१ मध्ये नालेविकासाचा सुमारे ९८५ कोटी रुपयांचा पहिला टप्पा हाती घेण्यात आला.

आम्हा बालरोगतज्ज्ञांना या कामाचा क्रम सहज उमजावा. अर्भकाच्या मूत्रमार्गात जन्मतः पडदा असेल, तर मूत्रवाहिन्या फुगतात, मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. अशा वेळी आधी खालचा पडदा काढावा लागतो. वरच्या नलिकांवर कितीही कौशल्य खर्चले तरी व्यर्थ. नाल्याचेही तसेच आहे. वरचा भाग रुंद केला आणि खालचा अरुंद पूल तसाच ठेवला, तर पाणी अधिक वेगाने येऊन त्या पुलाजवळच्या वस्तीत शिरते. म्हणून काम मुखाकडून उगमाकडे जावे, आणि वाटेतील तलाव शाबूत राहावेत. पावसाचा पहिला लोंढा तेच पोटात घेतात.

पण रुंदीकरण म्हणजे कुणाची तरी घरे हटणे. नाल्याकाठच्या झोपड्यांतील मुले आम्ही नित्य तपासतो. पावसाळा आला की अतिसार, कावीळ, विषमज्वर आणि पाणी ओसरल्यावर डेंग्यू त्यांनाच प्रथम गाठतात. पुराचा सर्वाधिक त्रास ज्यांना, विस्थापनही त्यांच्याच वाट्याला यावे, हा न्याय नव्हे. त्यांना शाळा, रोजगार आणि दवाखाना यांच्या आवाक्यात पर्यायी घर आधी मिळावे, मग बुलडोझर यावा. हा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच धरला पाहिजे. आणि झोपडी हटवताना नाल्यावरच्या पक्क्या इमारतीला अभय मिळता कामा नये.

दुसरा प्रश्न देखभालीचा. नवी भिंत बांधायला कर्ज मिळते, अनुदान मिळते. गाळ काढायला दरवर्षी स्वतःच्या महसुलातूनच पैसा उभारावा लागतो. कोनशिला भिंतीला लाभते, गाळाला नाही! पण लस टोचून पुढची मात्रा चुकवली तर संरक्षण अपुरे राहते, तसेच हे आहे. देखभालीसाठी स्वतंत्र, अन्यत्र न वळवता येणारी तरतूद हवी. काठावर कुंपण आणि नाल्यावर झाकणही हवे. सप्टेंबर २०२० मध्ये सायकलवरून निघालेली एक शाळकरी मुलगी उघड्या नाल्यात वाहून गेली, हे विसरता येत नाही.

जुलै २०२० मध्ये उस्मानिया रुग्णालयाच्या जुन्या इमारतीतील वॉर्डांत पाणी शिरले आणि रुग्णांना हलवावे लागले. तेव्हा हा विषय केवळ अभियंत्यांचा नाही. आपल्या संस्थेच्या सभासदांनी अतिसार व काविळीच्या रुग्णांची वस्तीनिहाय नोंद ठेवावी आणि ती प्रतिवर्षी, अंदाजपत्रक ठरण्यापूर्वी, महानगरपालिकेच्या हाती द्यावी. कोणता नाला आधी रुंद करायचा, याचे उत्तर आपल्या केसपेपरांतही लिहिलेले असते.