पेटी स्वस्त, हवा महाग

स्वस्तातली ब्लास्टिंग कॅबिनेट म्हणजे पातळ पत्र्याची एक पेटी. वर काच, समोर रबरी हातमोजे बसवलेली दोन भोकं, आत एक गन आणि तळाला नरसाळ्यासारखा उतार. कॉम्प्रेसरची हवा गनमधून सुसाट निघते, जाताजाता तळातले कठीण कण नळीतून ओढून घेते आणि गंजावर, जुन्या रंगावर आपटते. फिलाडेल्फियाच्या बेंजामिन च्यू टिल्घमननं १८७० साली वाळूच्या झोताचं पेटंट घेतलं, तेव्हापासून मूळ युक्ती तीच आहे. जुन्या स्कूटरचे, मोटरसायकलचे भाग घरी साफ करणारे हौशी लोक ही पेटी घेतात आणि थोड्याच दिवसांत वैतागतात. काच धूसर होते, फटींतून कण गळतात, गन खोकल्याची उबळ आल्यासारखी अडखळते. मग नवी गन किंवा मोठी पेटी घ्यायचा विचार सुरू होतो. माझ्या मते तिथंच गणित चुकतं. पेटी हा नुसता आडोसा आहे, काम हवा करते. पहिला पैसा धूळ बाहेर काढण्यावर, दुसरा हवा कोरडी करण्यावर घालावा; गनचा नंबर त्यानंतर.

आदळलेला कण थोडा फुटतो आणि त्याच्या पुडीत गंजाची, रंगाची पूड मिसळते. ती आतच घोंघावत राहिली की काही मिनिटांत हातातली वस्तू दिसेनाशी होते, आणि लोक आणखी एक एलईडी पट्टी चिकटवतात. धुक्यात हेडलाइट अप्पर केल्यासारखंच ते. त्यापेक्षा पेटीच्या एका बाजूनं ताजी हवा आत येईल आणि समोरच्या बाजूनं व्हॅक्यूम क्लीनर ती ओढून घेईल, अशी सोय करावी. हवा येण्याच्या भोकासमोर आतून पत्र्याचा तिरका तुकडा बसवला की कण बाहेर उडत नाहीत. क्लीनरच्या आधी सायक्लोन, म्हणजे हवा गरगर फिरवून धूळ वेगळी करणारं नरसाळं, लावला तर बरीचशी धूळ त्याच्या बादलीत पडते आणि फिल्टर लवकर तुंबत नाही. फिल्टर मात्र हेपा प्रतीचाच हवा. साध्या फिल्टरमधून सर्वांत बारीक, म्हणजे सर्वांत घातक धूळ पुन्हा खोलीत येते. सांध्यांना सिलिकॉन भरावं, दाराला फोमची पट्टी लावावी आणि दाराच्या फटीशी उदबत्ती धरून पाहावी. धूर आत ओढला गेला, तर ओढ पुरेशी आहे. बादलीत पिठासारखी धूळ न जमता खरखरीत कण जमत असतील, तर ओढ जास्त आहे आणि चांगला माल फुकट चालला आहे.

आता हवा. कोकणातल्या पावसाळ्यात तीस अंशांच्या दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये साधारण पंचवीस ग्रॅम वाफ असते. दोन हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर मिनिटाला सात-आठ घनफूट हवा ओढतो. सात किलो दाबाला ही हवा दाबली आणि परत तीस अंशांवर आली, की तिच्यात जेमतेम चार ग्रॅम वाफ मावते. उरलेल्याचं पाणी होतं. हिशेब केला तर तासाला पाव लिटरहून जास्त पाणी निघतं. त्यातलं थोडंसं जरी गनपर्यंत पोचलं, तरी कणांचा लगदा होतो आणि गन अडखळते. यावर लोक टाकीच्या तोंडाशी वॉटर सेपरेटर लावतात आणि तो काम करत नाही म्हणून वैतागतात. तो बिचारा निर्दोष असतो. सतत चालणाऱ्या कॉम्प्रेसरची हवा तिथं गरम असते, पाणी अजून वाफेतच असतं, आणि सेपरेटर वाफ अडवत नाही. आधी पाच-सहा मीटर धातूच्या पाइपातून हवा फिरवून गार करावी, सेपरेटर पेटीजवळ लावावा आणि टाकीचा तळातला नळ रोज सोडावा.

गनच्या आत हवेचा एक बारीक जेट असतो आणि बाहेर त्याच्या साधारण दुप्पट व्यासाचं नोझल. किती हवा लागणार हे जेट ठरवतो. ऐंशी पीएसआयला दोन मिलिमीटरचा जेट मिनिटाला सातेक घनफूट हवा खातो, तीन मिलिमीटरचा पंधरा. म्हणजे दोन हॉर्सपॉवरवर मोठा जेट बसवला की दाब कोसळतो आणि कण आदळण्याऐवजी नुसते शिंपडले जातात. लहान जेट आणि चार मिलिमीटरचं नोझल यांनी काम सावकाश होईल, पण होईल. सिरॅमिकचं नोझल झिजून रुंद झालं की झोत फाकतो. टंगस्टन कार्बाइडचं कितीतरी जास्त टिकतं. ती खरेदी रास्त आहे, फक्त ती पहिली नसावी.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरळ महागडी पेटी का घेऊ नये, असं कुणी विचारेल. घ्यावी, पण त्याच कॉम्प्रेसरची तीच ओली हवा तिलाही मिळणार. उलट सायक्लोन, पाइप आणि सेपरेटर उद्या नव्या पेटीलाही जोडता येतात. दुसरा आक्षेप कणांबद्दलचा: नदीची वाळू स्वस्त असताना विकतचे कण कशाला? वाळूतला क्वार्ट्झ फुटून फुप्फुसात बसला की सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. ब्रिटननं ओतीव भाग साफ करायला अशी वाळू वापरण्यावर १९४९ मध्येच बंदी घातली. जीन्सला जुनाट रूप द्यायला तुर्कस्तानात वाळूचा मारा करत. कामगार दगावू लागल्यावर २००९ साली तिथं तो बंद झाला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यानं सिलिकोसिसला नोंद करावयाच्या रोगांत घातलं, पण घरच्या गॅरेजात तपासणी अधिकारी येत नाही. गंजलेल्या लोखंडाला ॲल्युमिनियम ऑक्साइड वापरावं. हे म्हणजे आपलं जुनं कुरुंदच. चाळून अनेकदा फिरवता येतं, त्यामुळे वाटतं तितकं महाग पडत नाही. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कण कुठलेही असले तरी दार उघडताना मास्क हवाच.

काही कामं या पेटीची नव्हेतच. मोटरसायकलची चासी तिच्यात मावत नाही; ती ब्लास्टिंगवाल्याकडेच न्यावी. कार्ब्युरेटर मात्र घरी करावा: काचेचे मणी, दाब चाळीस-पन्नास पीएसआय, आणि सुरू करण्याआधी प्रत्येक भोकात रबरी बूच. एखादा मणी आतल्या बारीक वाटेत अडकला, तर चकचकीत कार्ब्युरेटर लावूनही गाडी आयडलला बंद पडते.