खारट घाम आणि छातीतला कफ

घाम खारट असतो, हे मिठागरांच्या वसईत, एव्हरशाईन सिटीतील श्रोत्यांना आम्ही सांगावयास नको. परंतु पापा घेताना मूल फारच खारट लागले, त्याचा खोकला हटत नसला आणि पोटभर खाऊनही ते अंग धरत नसले, तर सिस्टिक फायब्रोसिसची शंका घ्यावी. हा रोग पाश्चात्त्यांचाच, या समजुतीपायी आपल्याकडे त्यावर कित्येकदा क्षयाचे उपचार होत राहतात.

आईबाप दोघांकडूनही सदोष जनुक आले, तरच हा रोग होतो. हे जनुक १९८९ मध्ये सापडले. त्या दोषामुळे पेशींतून मीठ व पाणी यांची ये-जा बिघडते. घामात मीठ वाढते. घामाची तपासणी होते ती याचसाठी. फुप्फुसांतील कफ मात्र डिंकासारखा चिकट होतो आणि त्यात जंतू ठाण मांडतात.

औषधाने कफ पातळ होईल. पण तो बाहेर काढावयाचा कोणी? फिजिओथेरपिस्टने शिकविल्याप्रमाणे लहानग्यास कुशीवर निजवून, तळहात ओंजळीसारखा वाकवून, जेवणापूर्वी छातीवर थोपटावे. मोठ्या मुलाने दीर्घ श्वास घ्यावा, चष्म्याच्या काचेवर वाफ सोडतो तसा तो जोराने सोडावा आणि मग खोकून कफ टाकावा. हे रोजचे काम आहे, मूल बरे असतानाही. चूक होते ती येथेच. खोकला थांबला की थोपटणेही थांबते. या उपचाराने जनुक बदलत नाही. परंतु फुप्फुसे अधिक काळ टिकतात, आणि ती टिकविणारे हात घरातलेच असतात.