तान्ह्या मुलाची लांबलेली कावीळ

सांगली-सातारा भागांतील जुन्या घरांत दुखणें हाताबाहेर गेलें म्हणजे 'आतां मिरजेस न्या' असें वडीलधारीं माणसें म्हणत. १८९४ सालीं डॉ. विल्यम वानलेस यांनीं तेथें इस्पितळ उघडलें आणि त्यांच्या शस्त्रक्रियेच्या कीर्तीमुळें दूरदूरचे रोगी आगगाडीनें येऊं लागले. परंतु शस्त्रवैद्य कितीहि निष्णात असला तरी रोगी आपणापुढें केव्हां यावा, हें त्याच्या हातीं नसतें. आज ज्या दुर्मिळ विकाराविषयीं बोलावयाचें आहे, त्यांत तर आठवडे मोजावे लागतात.

यकृतांतून आंतड्याकडे जाणारे पित्तमार्ग जन्माच्या सुमारास बुजून जाणें, हा तो विकार. दहा ते वीस हजार बालकांत एखाद्यास तो होतो. मूल अंगानें बाळसेदार असतें, दूध पितें. केवळ डोळे पिवळे दिसतात. नवजात बालकांची कावीळ बहुधा निरुपद्रवी असते व पंधरवड्यांत ओसरते, हें घरच्या आजीबाईंस ठाऊक असतें, आणि घोटाळा येथेंच होतो. कोवळें ऊन दाखवावें, काविळीची माळ घालावी, असें करतां करतां दोन महिने निघून जातात. माळ लांबली म्हणजे कावीळ उतरली असें मानतात; वस्तुतः काड्या वाळून गांठी सैल पडतात म्हणून ती लांबते. यकृतास त्याची वार्ताहि नसते!

खरी साक्ष दुपट्यावर सांपडते. निरोगी बाळाचें शौच हळदीसारखें पिवळें किंवा हिरवट असतें; पित्त आंतड्यांत उतरेनासें झालें कीं तें शाडूसारखें फिकट होतें आणि लघवीचे मात्र गडद पिवळे डाग पडतात. जपानांतील सेंदाई येथें डॉ. मोरिओ कासाई यांनीं १९५५ मध्यें आंतड्याचा भाग थेट यकृताच्या मुखाशीं जोडण्याची शस्त्रक्रिया आरंभिली. ती दोन महिन्यांच्या आंत झाल्यास पित्त वाहूं लागण्याचा संभव अधिक. उशीर झाला तर यकृत कठिण होत जातें, मग दुसऱ्याच्या यकृताचें रोपण करण्यावांचून मार्ग उरत नाहीं. वेळेवर शस्त्रक्रिया होऊनहि कित्येकांवर पुढें ती पाळी येते, हेंहि लपवूं नये. परंतु मधलीं वर्षें मिळतात. तैवानांत २००४ पासून प्रत्येक मातेस शौचाच्या रंगांचें चित्रपत्रक देतात.

चौदा दिवसांनंतरहि पिवळेपणा राहिला, तर बाळाच्या रक्तांतील बिलिरुबिनचे दोन्ही प्रकार वेगवेगळे मोजण्यास डॉक्टरांस सांगावें. शौच फिकट दिसल्यास तेवढेहि दिवस थांबूं नये. जातांना तो मळका कपडा, न धुतां, बरोबर न्यावा.