जुन्या व्हॅनचें फिरतें घर

दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली, त्या दिवशीं एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, "सर, आमचे बाबा जुनी व्हॅन घेऊन तिच्यांत निजण्याची व स्वयंपाकाची सोय करणार आहेत. कोणती घ्यावी?" विचारणाऱ्यास ठाऊक नव्हतें, कीं याच प्रश्नापायीं आम्ही स्वतः दहा हजार रुपये गमावून बसलों आहोंत. तो प्रकार पुढें येईलच. इतर पालकांसही उपयोग व्हावा, म्हणून उत्तर येथें सविस्तर देत आहोंत.

कल्पना नवी नव्हे. जर्मनींत फोक्सवॅगन कंपनीनें १९५० सालीं आपली डब्यासारखी व्हॅन काढली, आणि पुढच्याच वर्षीं वेस्टफालिया नांवाचा कारखाना तिच्यांत बिछाना व कपाटें बसवून देऊं लागला. आपल्याकडे जुन्या बाजारांत बहुधा चार गाड्या दिसतात. मारुतीची ओम्नी १९८४ पासून रस्त्यावर होती, व २०१९ सालीं तिचें उत्पादन थांबलें. तिच्या मागून २०१० सालीं ईको आली. टाटांची विंगर २००७ सालची. टेम्पो ट्रॅव्हलर १९८७ पासूनची. (आपण मालवाहू गाडीस सरसकट 'टेम्पो' म्हणतों, तें मूळचें हॅम्बर्ग येथील एका कंपनीच्या गाडीचें नांव, तिच्या सहकार्यानें निघालेली बजाज टेम्पो कंपनी २००५ पासून फोर्स मोटर्स या नांवानें ओळखली जाते.)

यांतील निवड गाडीपासून नव्हे, तर निजणाऱ्यांपासून सुरू करावी. ईकोची बाहेरील लांबी ३६७५ मिलिमीटर व रुंदी १४७५ मिलिमीटर आहे. म्हणजे साडेपांच फूट उंचीच्या मनुष्यासही तींत आडवें, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत निजतां येणार नाहीं. लांबीच्या दिशेनेंच निजावें लागेल. दोन माणसांस ती पुरे. घरांत दोन मुलें व आजी असतील, तर ट्रॅव्हलर किंवा विंगर यांवांचून गत्यंतर नाहीं. विंगरचें इंजिन पुढील चाकांस गति देतें, त्यामुळें तळ बराच खालीं आहे व वृद्धांस चढणें सोपें जातें. उंच टपाच्या ट्रॅव्हलरमध्यें उभें राहतां येतें, आणि पावसाळ्यांत दोन दिवस गाडींतच काढावे लागले म्हणजे याची किंमत कळते. आमची सूचना अशी, कीं गाडी पाहण्यापूर्वीं घराच्या अंगणांत खडूनें तिचा आंतील आकार आंखावा व त्या चौकटींत सर्व मंडळींनीं एकदां निजून पाहावें. गॅसवर चालणारी ईको स्वस्त पडते खरी, पण तिची टाकी मागें, म्हणजे नेमकी बिछान्याच्या जागीं असते.

वजनाचा हिशेब आमचे विद्यार्थी सहज करतील. चार माणसें सरासरी साठ किलोचीं धरलीं तर २४० किलो. साठ लिटर पाणी म्हणजे ६० किलो. घरगुती इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची बॅटरी पन्नास किलोंच्या पुढेंच भरते. बारा मिलिमीटर जाडीचा आठ बाय चार फुटी प्लायवूडचा पत्रा सुमारें २५ किलोचा. असे चार लागले तर १०० किलो. बेरीज ४५०, आणि अद्याप भांडींकुंडीं व अंथरुणें धरलींच नाहींत. कंपनीच्या पुस्तिकेंत रिकाम्या गाडीचें वजन व भारासह कमाल वजन दिलेलें असतें. या दोहोंतील अंतरापेक्षां आपली बेरीज अधिक झाली, तर घाट उतरतांना ब्रेक दाद देणार नाहींत.

आतां मुख्य गोष्ट, म्हणजे पत्रा. इंजिन नवें बसवितां येतें, गंजलेलें शरीर बदलतां येत नाहीं. शिवाय फिरत्या घरांत हा रोग दुप्पट वेगानें वाढतो. निजलेल्या माणसांच्या श्वासांतील बाफ रात्रीं थंड पत्र्यावर जमते, आणि त्या पत्र्यावर आपण लाकूड ठोकून टाकलें असल्यामुळें आंत काय चाललें आहे तें वर्षानुवर्षें दिसत नाहीं. कोंकणांतील खाऱ्या हवेंत राहिलेल्या गाडीची तपासणी म्हणून अधिक बारकाईनें करावी. चाकांवरील कमानी, सरकत्या दाराखालची पट्टी, टपाच्या कडेची पन्हळ व पायाखालची रबरी चटई उचलून तळ, हीं ठिकाणें पाहावीं. पातळ फडक्यांत गुंडाळलेलें लोहचुंबक सर्वत्र फिरवावें. जेथें तें धरत नाहीं, तेथें पत्रा नसून रंगाखालीं जाड लांबी भरलेली आहे असें समजावें.

आमची फसगत येथेंच झाली. २०२२ च्या उन्हाळ्यांत एक ईको पाहिली. रंग नवा, आंतील गाद्या नव्या, सुगंधी फवाराही मारलेला. मालक गोड बोलणारे. आम्ही तेथल्या तेथें दहा हजारांचा विसार दिला आणि दुसऱ्या दिवशीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यास, जो आतां स्वतःचें गॅरेज चालवितो, ती दाखविली. त्यानें बोनेटला हात लावला नाहीं. सीटचा पट्टा धरून शेवटपर्यंत बाहेर ओढला. शेवटच्या वीतभर भागावर मातीची सरळ रेघ होती. "सर, ही गाडी बुडालेली आहे," तो म्हणाला. मग त्यानें डॅशबोर्डखालील वायरींची जोडणी उघडून दाखविली. तांब्यावर हिरवी बुरशी चढावी तसा थर होता. २०१९ सालीं कोल्हापूर-सांगलीस व २०२१ च्या जुलैंत चिपळुणास महापूर आला, तेव्हां शेंकडों गाड्या पाण्याखालीं गेल्या. पुरांतून निघालेली गाडी धुऊन, रंगवून दूरच्या गांवीं विकणें कठीण नाहीं. अशा जोडांतून वीज नीट वाहत नाहीं, जोड तापतो. त्यावर आपण आणखी दिवे, पंखा व बॅटरी जोडणार, आणि त्या डब्यांत दार लावून मुलें निजणार! विसार परत मिळाला नाहीं. गृहिणीनें त्यावर एक अक्षरही काढलें नाहीं, तेंच अधिक लागलें.

इंजिनाविषयीं थोडक्यांत. गाडी थंड असतांनाच सुरू करून पाहावी. आपण पोहोंचण्यापूर्वींच मालकानें ती तापवून ठेविली असेल तर कारण विचारावें. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतें, काळा म्हणजे इंधन अधिक जातें, आणि गाडी तापल्यावरही पांढरा दाट धूर येत राहिला तर पाणी इंजिनांत शिरत आहे. ऑइलच्या झांकणाखालीं दुधाळ कॉफीसारखा फेंस दिसला तर तेथूनच परतावें.

कागदपत्रांत चासीचा नंबर आर. सी. बुकाशीं ताडून पाहावा व कर्जाचा बोजा उतरला आहे कीं नाहीं हें पाहावें. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. नंतर तपासणी होऊन ती पांच-पांच वर्षांनीं वाढवून घ्यावी लागते. तेव्हां तेरा वर्षांची गाडी घेऊन तींत लाखाचें लाकूडकाम करणें आम्हांस पटत नाहीं. दुसरें असें, कीं १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नें गाडींत मनास येईल तो बदल करण्यास मनाई आहे, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तें स्पष्ट केलें. टप उंच करणें किंवा सीटांची संख्या बदलणें मनांत असेल, तर विसार देण्यापूर्वीं आर. टी. ओ. कचेरींत जाऊन विचारावें. उचलून बाहेर काढतां येईल असा बिछाना व पेटी ही त्या मानानें निर्धोक वाट आहे.

त्या विद्यार्थ्याच्या वडिलांनीं अद्याप गाडी घेतलेली नाहीं. दोन पाहिल्या व नाकारल्या. दुसरीचा पट्टा, तो सांगत होता, त्यानें स्वतः ओढून पाहिला.