पडत्या कुपीला हवेचा ब्रेक

पाथरीतल्या कुठल्याही पंक्चरच्या दुकानात हातपंप उचलावा, त्याच्या तोंडावर अंगठा घट्ट धरावा आणि दांडा खाली रेटावा. आधी तो सहज जातो, मग जड होतो आणि हात सोडला की उसळून वर येतो. कोंडलेली हवा जितकी दाबावी तितकी जोराने उलटी रेटते.

मोठ्या रुग्णालयांतल्या न्यूमॅटिक ट्यूबमध्ये हाच गुण कामी येतो. रक्ताचे नमुने कुपीत घालून हवेच्या जोरावर नळीतून पाठवतात. कुपी जोरात आदळली तर रक्तपेशी फुटून तपासणीचा निकाल चुकू शकतो. म्हणून मुक्काम जवळ आला की कुपीपुढची हवा कोंडून तिचा वेग उतरवतात.

एवढीशी हवा पुरते का? नळी उभी, 10 सेंटीमीटर व्यासाची आणि कुपी 1 किलोची धरली, तर तिचे वजन पेलायला खालच्या हवेचा दाब वातावरणापेक्षा जेमतेम सव्वा टक्का जास्त लागतो. वेग मारायला अर्थात त्याहून अधिक.

खरी कसोटी फटीची. नळी पूर्ण हवाबंद असेल तर कुपी उसळते. कडेने बारीक फट ठेवली की हवा निसटत राहते आणि कुपी संथ उतरते. फट मोठी झाली तर ब्रेकच उरत नाही.

असाच हवेचा ब्रेक एकदा कोसळत्या लिफ्टलाही लागला असावा. 28 जुलै 1945 रोजी न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवर विमान आदळले. जखमी लिफ्टचालक बेटी लू ऑलिव्हर यांना खाली नेताना लिफ्टच्या केबल तुटल्या. 75 मजले कोसळूनही त्या वाचल्या. तळाशी साचलेली केबलची वेटोळी आणि अरुंद शाफ्टमध्ये दाबली गेलेली हवा, या दोहोंनी धक्का सौम्य केला असे मानले जाते.